जेवलीस आणि जेवलास

मराठीत जवळच्या माणसाला साधं जेवण विचारायचं, तरी समोरचा बाई आहे की पुरुष हे सांगावं लागतं. माझा या भाषेवर त्यासाठी राग आहे.

आमचा एक मित्र अबू धाबीला मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात राहायचा. वेल्डर. रोज संध्याकाळी गुहागरला त्याच्या माणसाला फोन करायचा. खोलीत सहा जण, त्यात आणखी दोघे मराठी, म्हणून "जेवलीस का गं?" असंच विचारायचा. खोलीला वाटे, लग्न ठरलंय. एकदा अंगात ताप घेऊन ड्युटीवरून आला आणि तोंडातून निसटलं, "जेवलास का रे?"

शेजारच्या खाटेवरचा हसला. "उद्या वहिनीचा आवाज ऐकव. नाहीतर कॅम्प बॉसला सांगतो, मग खलास!"

इथे ही थट्टा नसते. पोलीस, तुरुंग, मग घरी रवानगी, आणि घरच्यांना कारण कळलेलं.

तो धरून आम्ही चौघं दर रविवारी दुबईत अल मनखूलला एकाकडे जेवायला जमायचो. शेजाऱ्यांच्या लेखी कोकणातली मंडळी. चौघांत बाई मी एकटी. त्या तिघांना पुरुष आवडतात आणि मला बायका, हे त्या घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. मग त्याच्या खोलीसाठी वहिनी मीच झाले. स्पीकरवर तो विचारायचा, "जेवलीस का गं?" मी लाजून म्हणायचे, "जेवले. तुम्ही?" खोली खूश.

तो मात्र खचत गेला. भीतीपोटी त्याने गुहागरचे फोन एकाएकी बंद केले होते. महिन्याभराने धीर करून लावला, तर नंबर बंद. मग गावाकडून कळलं, याने आपल्याला टाकलं असं समजून तिकडच्याने घरचे म्हणतील त्या मुलीशी लग्न केलं होतं.

रविवारी त्याचं ताट तसंच राहायचं. "ताई, सकाळी उठावंसंच वाटत नाही," म्हणाला. मी नर्स आहे, हा आजार ओळखते. पण डॉक्टर कारण विचारणार, आणि कारण सांगायची त्याची छाती नव्हती. मग आम्हीच पाळ्या लावल्या. सकाळी एकाने फोन करायचा, दुपारी दुसऱ्याने, संध्याकाळी मी. यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं, आणि ते पुरणार नाही अशी मला सतत धास्ती होती.

एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. स्पीकर बंद होता. कॅम्पामागच्या रस्त्यावर असावा, ट्रक ऐकू येत होते. बराच वेळ नुसता रडत होता. मग हळूच म्हणाला, "जेवलास का रे?"

ते मला विचारलेलं नव्हतं.

"जेवलो," मी म्हणाले. "आता तू जेव."