आयिमखानचं डोकं

किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमधल्या नाट्यगृहामागच्या चौकात जिपारकुल मक्सिम विकायची. आंबवलेल्या धान्याच्या त्या पेयाचा दिवसातला पहिला कप चौकातल्या पुतळ्याच्या पायाशी ठेवायचा, मग गिऱ्हाइकं.

पुतळा तिच्यावरूनच घडवलेला होता. तरुणपणी सूतगिरणीत असताना एका शिल्पकारानं तिला समोर उभं केलं होतं. तिची आई आयिमखान फार लवकर गेली, फोटो एकही नाही, पण गावातल्या बायका जिपारकुलला बघून म्हणत, "अगदी आयिमखान!" आता जिपारकुलचं तोंड सुरकुतलं होतं. आईचा चेहरा जगात उरला होता तो फक्त त्या सिमेंटच्या मानेवर.

पुतळ्याचा हात वर होता, हीच त्याची चूक. रिकामा हात कुठल्याच सरकारला बघवत नाही. आधी त्यात सूत कातायची चाती होती, नाव 'कामगार कन्या'. देश स्वतंत्र झाला, चाती गेली. डोक्याला मुंडासं आणि हातात गव्हाची लोंबी आली, नाव 'राष्ट्रमाता'. पुढे एक सरकार पळून गेलं, नव्या सरकारनं लोंबी काढून मशाल दिली. नवरानवरी मात्र प्रत्येक राजवटीत येऊन फुलं ठेवत आणि मक्सिम पिऊन जात.

यंदा स्मारक समितीनं थेट डोक्यालाच हात घातला. अध्यक्ष तोलोगोन यांनी जाहीर सभेत सांगितलं, "या चेहऱ्यात खानदानीपणा नाही."

जिपारकुल ताडकन उठली. "तो माझ्या आईचा चेहरा आहे!"

"बसा, आपा. कुठल्या कुळातली तुमची आई? सात पूर्वज सांगा तिचे."

"बापाचे सात पाठ आहेत. आईचे कुणी शिकवले मला? तुम्हाला येतात तुमच्या आईचे?"

"माझ्या आईचा इथं विषय नाही."

"पुतळा आईचा, सभा आईसाठी, आणि आईचाच विषय नाही! वा रे वा!"

हशा पिकला. डोकं बदलायचा ठराव मात्र एकमतानं झाला. नवा चेहरा एका फार मोठ्या माणसाच्या दिवंगत मातोश्रींसारखा दिसत होता. ते सगळ्यांना दिसलं, टाळ्याही सगळ्यांनीच वाजवल्या.

जुनं डोकं नगरपालिकेच्या भंगार आवारात गेलं. त्याची खडी करायची होती. जिपारकुलनं मक्सिमचं पिंप उचललं आणि ती त्या आवाराच्या फाटकाशी जाऊन बसली. तिथं गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. ट्रक दिसला की ती उठून फाटकात उभी राहायची.

एकदा कारकून आला आणि पहारेकरी मुकाशवर उखडला. "फोडायचं तर डोकं कुणाचं ते लिहावं लागतं! 'राष्ट्रमाता' लिहिलं तर राष्ट्रमातेची खडी केली म्हणून माझी नोकरी जाईल. 'कामगार कन्या' लिहिलं तर पेन्शनर मोर्चा काढतील. समिती म्हणते, तूच ठरव!"

"नाव नसेल तर?" मुकाशनं विचारलं.

"तर पडू दे इथंच." कारकुनाची नजर म्हातारीवर गेली. "आपा, तुम्ही तर त्या चौकातल्याच. हे डोकं कुणाचं, माहीत आहे?"

सगळ्या शहराला ओरडून सांगितलेलं ते नाव जिपारकुलच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं.

"नाही हो," ती म्हणाली. "मी आपली मक्सिमवाली. मला काय ठाऊक?"

कारकून गेल्यावर तिनं कप भरला, आत गेली आणि आईपुढे ठेवला.