जावेच्या विहिरीचं पाणी

तंजावर शहरात वाढलेली मी, लग्न होऊन समुद्राकाठच्या गावात आले, तेव्हा सासरची वाटणी झालेली होती. नारळीच्या बागेत एका कुंपणाच्या दोन बाजूंना दोन घरं. समुद्राकडचं आमचं, आतल्या अंगाचं थोरल्या जावेचं. दोघींच्या परसात एकेक विहीर. तिचं पाणी गोड, आमचं मचूळ. हाकेच्या अंतरावरच्या वाळूतसुद्धा देवानं डावं-उजवं करावं, याचा मला भारी राग यायचा.

आमच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नसे, आणि कॉफीचं तर विचारूच नका. सासूबाई राहायच्या आमच्याकडे, पण सकाळी तोंड धुतलं की कुंपणाचं फाटक लोटून थेट जावेकडे. "तुझ्या हाताला दोष नाही गे, पाणीच तसं," म्हणायच्या. परत येताना तिच्या कॉफीचं कौतुक तोंडात असायचंच. माझा नुसता जळफळाट व्हायचा. निजायचं माझ्या घरी आणि उजाडायचं तिच्याकडे. मला एवढंच हवं होतं की सकाळची कॉफी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून प्यावी.

सासऱ्यांनी घालून दिलेली एक शिस्त होती. दुपारी विहिरीचा दोर काढून ठेवायचा, पाण्याला निजू द्यायचं. ते सांगत की खाली सगळा समुद्रच आहे, पावसाचं गोडं पाणी त्याच्यावर नुसतं तरंगतंय, ते वरवरचं हळूहळू काढावं. मी निमूट दोर काढत असे. जाऊ मात्र पापनाशमची. तिच्या माहेरी कावेरीकाठी विहीर जितकी खोल, तितकं पाणी जास्त. साठ सालानंतर गावात तेलाची इंजिनं येऊ लागली, तशी तिनं विहीर खोल करवून घेतली आणि इंजिन बसवलं.

"ते दोर काढणं पुरे कर आता," ती मला म्हणाली. "हवं तेवढं पाणी आमच्याकडून ने की."

तिच्या नव्या रोपांना पाटानं पाणी सुटलं. दिवसभर तिकडे इंजिन धडधडायचं, इकडे मी तिचं घागरभरही पाणी न आणता भांडी आपटायची.

उन्हाळा सरेस्तोवर तिचं पाणी आमच्याहून खारट झालं. रोपांची पानं करपली, कॉफीत दूध फाटू लागलं. मला आनंद झाला, अगदी पोटभर झाला. पुढे दिवाळीच्या सुमाराचा पाऊस भरपूर पडला आणि आमची विहीर चक्क गोड झाली. तिची काही सुधारली नाही.

त्या सकाळी मी ताजं दूध तापवलं, कॉफी प्यायचा पितळी डबरा घासून लख्ख केला आणि सासूबाईंच्या पुढ्यात कॉफी ठेवली. त्यांनी घोट घेतला.

"बरवी झाली गे," त्या म्हणाल्या. मग डबरा खाली ठेवून उठल्या. "ती वाट बघत असेल."

मी फाटकापर्यंत मागोमाग गेले. जावेच्या स्वयंपाकघरातलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

"खारट आहे, नका पिऊ," जाऊ म्हणाली.

"मला नाही लागत खारट," सासूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

इतकी वर्षं मी पाण्याला बोल लावत आले होते.