झालं म्हटल्यानंतरचा चेहरा

माणसाला खुर्चीवर बसवून "इकडे बघा" म्हटलं की तो माणूस राहत नाही, त्याचा पुतळा होतो. मान ताठ, डोळे वटारलेले, ओठ असे मिटलेले की जणू समोर फौजदार बसलाय. फोटोताईनं असे पुतळे ढिगानं पाहिले होते. ओळखपत्रांचे फोटो काढून देणाऱ्या एका अरुंद स्टुडिओत ती नोकरीला होती. मागे पांढरा पडदा, दोन्ही बाजूंना छत्र्या लावलेले दिवे, दोरीला बांधलेला कंगवा, आणि पुढून रुबाबदार पण मागून नुसत्या नाड्यांवर बांधलेला एक काळा कोट. तो कोट त्या भागातल्या निम्म्या पुरुषांनी आळीपाळीनं घातलेला होता. फोटोताई म्हणायची, "खांदे सरळ. हनुवटी थोडी खाली. हलू नका. झालं!"

खरी गंमत त्या "झालं"नंतर व्हायची. शब्द कानावर पडला की समोरचा माणूस सुटायचा. खांदे उतरायचे, कुणी हुश्श करायचं, कुणी स्वतःशीच हसायचं, कुणी घरच्या काळजीत परत बुडून जायचं. एकदा तिचं बोट चुकून "झालं"नंतर दाबलं गेलं आणि संगणकाच्या पडद्यावर पोस्टमन उमटला. रोज दारात येणारा, कधी मान वर न करणारा पोस्टमन. तो इतका देखणा आहे हे तोवर तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

झालं, तिला नादच लागला. एक फोटो गिऱ्हाइकाचा, एक आपला. नाद असा की चेहऱ्यांच्या विचारात तिची भाजी करपायची. नवरा ती मुकाट्यानं खायचा. तो पंखे दुरुस्त करायचा, आणि एकदा पंखा उघडला की त्यालाही जेवणाची शुद्ध नसायची, तेव्हा बोलणार कोणत्या तोंडानं?

मालकांना संगणकावर तिचा हा साठा सापडला. "अगं, हे चुकलेले फोटो कशाला जपून ठेवलेस?"

"हेच बरोबर आलेत," ती म्हणाली.

"बाई गं, ओळखपत्रावर दात दाखवायला बंदी आहे. लोकांना हसवायचं असेल तर स्वतःचं दुकान काढ."

मालक चेष्टेनं म्हणाले होते. फोटोताईनं ते मनावर घेतलं आणि औषधाच्या दुकानावरची एक खोली भाड्यानं घेतली. मालक मनाचे चांगले, म्हणाले, "तुझी जागा मी थोडे दिवस रिकामी ठेवतो." ही सोय होती की टोमणा, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुकानात माशी फिरकेना. तिला भीती वाटायची. पण जुन्या खुर्चीपुढं परत उभं राहायचं, याची त्याहून जास्त वाटायची. मग तिनं ठरवलं, लोक येत नाहीत ना, आपण लोकांसमोर जाऊ. वाचनालयाच्या सभागृहात "झालं"नंतरचे सगळे चेहरे भिंतीवर लावायचे. ग्रंथपाल बाईंनी सभागृह दिलं, पण अट घातली. ज्याचा फोटो, त्याची परवानगी.

फोटोताई प्रिंटा घेऊन निघाली. पोस्टमन फोटो बघून लाजला आणि हो म्हणाला. औषधवाला हो म्हणाला. शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी तर आणखी एकेक प्रत मागून बसल्या. गाडी अडली ती सलूनवाल्यापाशी. त्यानं आपला फोटो आरशाला टेकवला, लांबून पाहिला, जवळून पाहिला.

"यात तुझ्या घरचं कुणी आहे?"

"आहे. सासूबाई. पण तो लावणार नाही."

"का?"

"त्यांना आवडणार नाही."

"मग मला आवडेल, हे तुला कुणी सांगितलं?" हातातली कात्री खाली ठेवून तो म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान! आधी घरचा लाव, मग माझा माग."

आता सलूनमध्ये बोललेलं सलूनमध्ये राहिलं असं कधी झालंय? दिवेलागणीला पोस्टमनचा निरोप आला, सासूबाईंचा लागू दे, मग आमचा लाव. औषधवाला जिना चढून तेच सांगून गेला. दोघी बहिणींनी प्रती तेवढ्या ठेवून घेतल्या आणि होकार परत घेतला.

सासूबाई म्हणजे मोठ्या इस्पितळातल्या निवृत्त मुख्य परिचारिका. आवाजात जरब, साडीला एक चुणी जास्त नाही. त्यांचा पुढचा एक दात नव्हता. तापात बरळणाऱ्या रुग्णाच्या कोपराचा तो प्रसाद. बसवलेला दात एकदा सगळ्यांसमोर चहाच्या कपात पडला, तेव्हापासून त्यांनी दातही सोडला आणि तोंड उघडून हसणंही. फारच हसू आलं तर तोंडावर हात. त्या पेन्शनच्या ओळखपत्रासाठी स्टुडिओत आल्या होत्या तेव्हा सोबत आलेल्या लेकानं, वेळ जाईना म्हणून, तो काळा कोट अंगात चढवला आणि आरशापुढे ऐट करत उभा राहिला. मागे नाड्या लोंबत होत्या. फोटोताई "झालं" म्हणाली, सासूबाईंची नजर नाड्यांवर गेली आणि त्या खदखदून हसल्या. लेक वळेपर्यंत हात तोंडावर गेला होता. पण फोटो निघाला होता. फोटोताईनं काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो. स्टुडिओच्या संगणकावरून काढून घेऊन गेली दोन वर्षं तो तिनं लपवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई खिडकीशी पेपर वाचत होत्या. फोटोताईनं प्रिंट त्यांच्या पुढ्यात ठेवली. एक घाव दोन तुकडे, होईल ते होवो.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा काढला.

"हा कधी काढलास?"

"ओळखपत्राच्या वेळी. झालं म्हटल्यावर."

"म्हणजे न विचारता."

"हो, आई."

"कुणीकुणी पाहिला?"

"मी. आणि ह्यांनी, एकदाच."

"हसला?"

"नाही. म्हणाले, आई हसली की अशी दिसते होय?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. फोटोताईला वाटलं, विरघळल्या. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच!

"फाड," त्या म्हणाल्या. "यंत्रातलाही काढून टाक. माझ्यासमोर."

खोटं बोलणं सोपं होतं. एक प्रत इथली पुसायची, एक दुकानात ठेवायची. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईलाही ते कळलं नसतं. पण फोटोताईनं प्रिंट फाडली, लॅपटॉप आणला, फोटो पुसला.

"त्या कचऱ्याच्या डब्यातूनही गेला?" सासूबाईंनी वाकून विचारलं.

"तिथूनही. दुकानातलाही आता जाऊन पुसते."

आणि ती खरंच गेली, पुसला, आणि तिथल्याच स्टुलावर बसून रडली. प्रदर्शन बुडालं म्हणून नाही. तो चेहरा आता जगात कुठेच नव्हता म्हणून. तरी रडून झाल्यावर तिला हलकं वाटलं. इतके दिवस घरात वावरताना सासूबाईंच्या नजरेला नजर देताना आपण चोरासारखे वागत होतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या जिन्यावर पावलं वाजली. एकेक पायरी मोजूनमापून चढल्यासारखी. सासूबाई दारात उभ्या. धाप लागलेली, पण साडी कडक. येऊन सरळ स्टुलावर बसल्या.

"आई, तुम्ही? पाणी देऊ?"

"पाणी नको. तुझा तो फोटो काढ."

"कोणता?"

"दातवाला. नसलेल्या दातवाला." त्यांनी पदर नीट केला. "वॉर्डात मी नव्या मुलींना एकच शिकवायचे. रुग्णाला सांगितल्याशिवाय सुई टोचायची नाही. सांगितलं म्हणून कमी दुखतं असं नाही. पण माणूस आपणहून हात पुढे करतो. तू पुसलास तेव्हा मला कळलं की तू नकारही ऐकतेस. आता विचार."

फोटोताईनं कॅमेरा हातात घेतला. म्हणाली, "आई, काढू?"

"काढ."

सासूबाईंनी ओठ उघडले. हसू काही आलं नाही, मागवून ते कुणाला येतं? उजवा हात सवयीनं तोंडाकडे निघाला, तो त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला. दात नव्हता तिथली काळी फट उघडी होती आणि डोळे थेट कॅमेऱ्यात होते. घाबरलेले, पण हटायला तयार नसलेले. फोटोताईनं कॅमेरा डोळ्याला लावला. आजवर तिनं माणसं बेसावध असताना त्यांचे चेहरे उचलले होते. हा चेहरा कुणीतरी तिच्या हातात देत होतं. तिचे डोळे भरून आले आणि पहिला फोटो हलला.

"पुसट आला," ती म्हणाली.

"मग दुसरा काढ. मी कुठे पळून चाललेय? आणि लावशील तो मोठा लाव. लहान लावलास तर लोक म्हणतील, बाई लाजली."

फोटो मोठाच लागला, सभागृहात शिरताक्षणी समोर. त्या दिवशी भिंतीवर तेवढा एकच फोटो होता. बातमी पसरायला वेळ लागला नाही. सलूनवाला दुकान अर्धवट टाकून आला, गळ्यात टॉवेल तसाच. फोटोपुढे तो इतका वेळ उभा राहिला की ग्रंथपाल बाईंनी त्याला खुर्ची आणून दिली. तो बसला नाही. सासूबाई शेजारच्याच बाकावर पेपर वाचत होत्या. त्यांना त्यानं मान लववून नमस्कार केला आणि फोटोताईकडे वळला.

"माझा यांच्या शेजारी लाव," तो म्हणाला. "पण जरा लहान."