तीन कॅसेटींचा गळा

सर्व रसिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून अस्तित्वात असलेल्या एकमेव गॉथिक मेटल बँडचे मुख्य गायक व बेस गिटारवादक श्री. सिद्धार्थ यांचे निधन झाले असून, सदर संगीतप्रकाराच्या वादकांची या भागातील लोकसंख्या तीनवरून दोनवर आली आहे. उरलेल्या दोघांपैकी पोपट गॅरेज चालवतो आणि दुसरा, म्हणजे मी, आळेफाट्यावर साड्या विकतो. तालुक्याने दुखवटा पाळलेला नाही. एसट्या वेळेवर सुटल्या... म्हणजे नेहमीइतक्याच उशिरा.

हे निवेदन सिद्धार्थनं स्वतः खर्जात वाचून दाखवलं असतं, म्हणून एवढा चावटपणा केला. बातमी आली तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला जांभळ्या काठाच्या साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवत होतो. फोनवर पोपट एवढंच म्हणाला, "शेठ, शटर ओढ." तो पदर तसाच खांद्यावर घेऊन मी भर चौकातून त्याच्या गॅरेजपर्यंत चालत गेलो. ट्रकवाले, हॉटेलवाले, फळवाले, सगळे बघत होते. कुणीही हसलं नाही. तेव्हा मला ते खरं वाटलं.

नव्वदच्या दशकात सिद्धार्थ पुण्याला मास्तरकीचं शिक्षण घ्यायला गेला आणि परत येताना हॉस्टेलवरून एक कॉपी केलेली कॅसेट घेऊन आला. जड, संथ गिटार, पडक्या प्रार्थनाघरात वाजावेत तसे सूर, आणि मधोमध एक माणूस जमिनीखालून बोलल्यासारखा गुरगुरतोय. मी घाबरलो. पोपटनं पाना खाली ठेवून शांतपणे ऐकलं आणि निर्णय दिला, "डिझेल इंजनावानी हाय. जमंल आपल्याला." झालं, बँड निघाला. नाव 'काळोख'. मारवाड्याच्या पोरानं पेढीवर बसायचं सोडून ड्रम बडवायला घेतले म्हणून आमच्या घरी जे झालं, त्यावर वेगळा लेख होईल.

पहिली कॅसेट 'खड्डा'. नावात काही गहन अर्थ नाही. ट्रकच्या खाली उतरून काम करायला गॅरेजमध्ये खड्डा असतो, त्यात उभं राहिलं की सिद्धार्थचा आवाज भयंकर घुमायचा. तो आत, आम्ही वर. सगळी गाणी सुसाट वेगात, कारण पुढचा ट्रक येण्याआधी उरकायचं असायचं. एकदा गाणं ऐन रंगात असताना एक ड्रायव्हर धावत आला, "अरं, खाली कोन अडाकलंय का?" खालून सिद्धार्थ त्याच आवाजात म्हणाला, "व्हय, समदेच अडाकलेत." ड्रायव्हरनं पुन्हा कधी तिथं गाडी लावली नाही.

दुसऱ्या कॅसेटीला आम्ही माझ्या मामाच्या शीतगृहात गेलो. द्राक्षांचा हंगाम संपला की ती अवाढव्य खोली रिकामी पडायची. ड्रमवर एक ठोका मारला की तो चारी भिंतींना भेटून, विचारपूस करून परत यायचा. जुना वेग तिथं चालेना, सगळ्याचा नुसता चिखल व्हायचा. मग एक ठोका, आणि थांबा... दुसरा ठोका, आणि थांबा. पुण्याचा एक जाणकार कॅसेट ऐकून म्हणाला की बँडचा आवाज प्रगल्भ झालाय. आम्ही नम्रपणे मान हलवली. खरं तर आम्ही प्रतिध्वनी संपायची वाट बघत होतो.

तिथंच सिद्धार्थचे वडील, आण्णा, आमच्यात आले. भीमजयंतीला गावोगाव त्यांची गायनपार्टी जायची. माइक बंद पडला तरी शेवटच्या माणसाला शब्द कळायचा, असा गळा. "बिबट्याला बोलावतो का काय रं?" असं ते मुलाला विचारायचे. आले होते ओरडायला, पण दाराशी थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "सूर धरायला कोनीच न्हाई तुमच्यात." दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन आले. गुरगुरणाऱ्या मुलाखाली बापाची पेटी... ते आमचं सर्वांत सुंदर काम. आम्ही तिघांनी परदेशी वाटावं म्हणून इतकी धडपड केली होती, आणि ऐकणारा म्हणायचा, हे आळेफाट्याचंच दिसतंय.

मग शाळेत सिद्धार्थच्या वर्गातली मागच्या बाकावरची पोरं म्हणायला लागली, सर ऐकू येत नाही. औषधं झाली, काढे झाले. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलता येणार नाही. गाण्यानं हे झालेलं नाही, असंही त्यांनी दोनदा सांगितलं. आण्णांना ते कधीच पटलं नाही. सिद्धार्थ दवाखान्यातून थेट माझ्या दुकानात आला, गादीवर बसला आणि बसक्या आवाजात म्हणाला, "शेठ, मामाला इचार. खोली मोकळी हाय का?"

मोकळी कसली? ऐन हंगाम. मी मामाच्या अक्षरशः पाया पडलो. शेवटी, एक माल गेला आणि दुसरा यायचाय तेवढ्यात काय ते करा, मशीन बंद होणार नाही, असं ठरलं. कडाक्याच्या थंडीत आम्ही चौघं स्वेटर, मफलर, माकडटोप्या घालून आत. गॉथिक मेटलच्या इतिहासात इतके कमी भयानक दिसणारे कलाकार झाले नसतील. मी म्हणालो, "सिधू, डॉक्टरनं थंडी वर्ज्य केलीय रे." तो हसला. "गळाच काढणारेत. मग जपू कुनासाठी?"

त्यानं गुरगुरायचा प्रयत्न केला. खोकला आला. पुन्हा केला. नुसती हवा आली. गिटारची तार आणायच्या निमित्तानं पोपट बाहेर गेला आणि डोळे लाल करून, तार न घेताच परत आला. मी मूर्खासारखे विनोद करत होतो, कारण थांबलो असतो तर मलाही तार आणायला जावं लागलं असतं. मशीनची घरघर चालूच होती. आण्णांनी मान तिरपी करून ती ऐकली, पेटीवर तोच सूर शोधून धरला आणि म्हणाले, "ह्याच्यावर बोल नुसतं. गाऊ नगंस."

सिद्धार्थ बोलला. कुजबुजत, ओळीओळीला थांबून, श्वास ओढत. मी काठ्या ठेवल्या आणि तळहातांनी ड्रम थोपटले, ताप आलेल्याला थोपटतात तसे. ती आमची तिसरी कॅसेट. तिला नाव दिलंच नाही.

ऑपरेशननंतरही तो गॅरेजमध्ये यायचा, बेस वाजवायचा, बोटांनी आम्हाला शिव्या द्यायचा. चौथ्या कॅसेटीचा विषय तिघांपैकी कुणीच काढला नाही. दुखणं पुन्हा उलटलं, तेव्हा त्याच्या उशाशी बसून मी गावातल्या चहाड्या रंगवून सांगायचो. एक दिवस त्यानं हात धरून मला गप्प केलं. ती शेवटची भेट.

परवा त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला दारात मांडव होता. बुद्धवंदना झाली. गायनपार्टीचे कर्णे बांधलेलेच होते. आण्णा पोपटला म्हणाले, "लाव. ज्यात त्यो बोलतो ती." आधी मशीनची घरघर आली, मग पेटी, मग तो. पुढं बसलेली शाळेची पोरं एकदम ताठ झाली. आण्णा जमिनीकडं बघत होते. सिद्धार्थच्या आईनं आमची एकही कॅसेट आजवर ऐकली नव्हती. आत भाकरी थापत होती, ती पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली आणि कर्ण्याखाली उभी राहिली. ओळ संपली. कर्ण्यातून त्यानं ओढलेला श्वास आला, मग दुसरा... आणि ती भरल्या मांडवात ओरडली,

"अवं, दम लागलाय त्याला! पानी द्या की कुनीतरी!"