मागची दोन चाकं

दुरुस्त केलेली गाडी आण्णाप्पा मिस्त्री स्वतः चालवून बघत नसे. किल्ली तो मालकाच्या हातात द्यायचा, मागच्या सीटवर आडवा व्हायचा आणि डोळे मिटायचा. "चला, पावणं. खड्डं चुकवू नका." कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचे गॅरेज होते. तिथून एक फेरी मारून आल्यावर तो उठून सांगायचा, डावा शॉकअप गेलाय, की बुश वाजतंय. त्याचे निदान चुकलेले मी पाहिले नाही. डोळे का मिटायचे, असे विचारल्यावर म्हणाला, "उघडं असलं की माणूस खड्डा बघून आधीच सावरतंय. मग गाडीचं खरं कळत न्हाय."

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो महापुरात बुडालेल्या गाड्यांची बातमी करायला. माझी वही बघून तो म्हणाला, "पेपरवालं न्हवं? खड्डं छापता, बुजवत तर कोण न्हाय. छापत ऱ्हावा, आमचं गॅरेज चालतंय." तो शिरोळचा, मी जयसिंगपूरचा. रोजची वाट एकच होती, म्हणून पुढे तो मला गाडीत घेऊ लागला. गाडी जुनी, छोटी, पुराच्या पाण्यातून काढून त्यानेच उभी केलेली.

घरी तो आणि थोरली बहीण, दोघेच. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. आईवडील लवकर गेले, तेव्हा अक्काने लग्न केले नाही. म्हशी सांभाळून भावाला वाढवले. घर जैन, नेमाचे. दिवस मावळल्यावर अक्का जेवत नसे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर अक्काची पाठ दुखू लागली. तपासण्या झाल्या. कॅन्सर होता, मणक्यात उतरलेला. तो बरा होणार नाही, रेडिएशनने वेदना कमी होतील, असे डॉक्टरांनी आण्णाप्पाला बाजूला घेऊन सांगितले. सलग दहा दिवस कोल्हापूरला यायचे होते. तारीख आठ दिवसांनंतरची मिळाली. परतताना रेल्वे फाटकात गाडीचे मागचे चाक आदळले आणि अक्का ओरडली. दुसऱ्या दिवशी मला सांगताना त्याच्या हातातला पाना तसाच होता. "म्हशीच्या लाथंनं हात मोडलावता, तवा वरडली न्हवती वो."

रुग्णवाहिका बघू, मी म्हणालो. "ती तर टेम्पोच की," तो म्हणाला, आणि गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर चढवली.

त्या गाडीची मागची दोन्ही चाके एकाच आडव्या अ‍ॅक्सलला जोडलेली होती. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते आणि मागे बसलेल्याला हिसका बसतो. त्याने तो अ‍ॅक्सल काढून टाकला. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचे चाक धरणारे दोन आर्म आणि स्प्रिंगा आणल्या, खाली नवी चौकट वेल्ड केली आणि प्रत्येक चाक स्वतंत्र आर्मवर, स्वतंत्र स्प्रिंगवर बसवले. चाके सरळ आहेत का, हे पुढून मागे दोरा ताणून तपासले. आठ दिवसांत तो फक्त म्हशींच्या धारा काढायला घरी जात होता. नंतर डाव्या चाकाखाली जॅक घातला आणि मला उजव्या चाकावर हात ठेवायला सांगितले. डावे चाक वर गेले. माझ्या हाताखालचे हलले नाही. "बघा. ह्याचं त्याला कळलं न्हाय," तो म्हणाला. मी त्याला एवढे खूश कधी पाहिले नव्हते.

एक शंका त्याने तेव्हाच बोलून दाखवली होती. स्प्रिंगा जड गाडीच्या होत्या, हलक्या गाडीत ताठ बसतील. म्हणून नरम स्प्रिंगांची दुसरी जोडी त्याने आणून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून ठेवली. "अक्काला इचारायचं. कळतंय म्हणली की बदलायच्या."

मागे आडवे होऊन बघायला वेळ उरला नव्हता. रेडिएशनच्या पहिल्या दिवशी तो स्वतः चालवायला बसला. अक्काला नेताना दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी द्यायला तो तयार नव्हता. मागे अक्का, आणि तिला धरायला मी. फाटक आले. अक्काची नखे माझ्या मनगटात रुतली.

"कळलं काय, अक्का?"

"न्हाय रं. पाळण्यात बसल्यागत हाय."

पुढे पंचगंगेच्या पुलावर प्रत्येक सांध्याला तेच झाले. तो विचारत होता, ती नाही म्हणत होती. हॉस्पिटलच्या दारात तो चाकाची खुर्ची आणायला गेला, तेव्हा मी म्हणालो, "अक्का, सांगा त्याला. स्प्रिंगा बदलायच्या फक्त."

"आठ दिस धड जेवलं न्हाय पोरगं," ती म्हणाली. "परत गाडीखाली शिरंल. तुम्ही बोलू नगा. माझी आण हाय."

मी बोललो नाही. दहा दिवस तेच चालले. धक्का बसू नये म्हणून तो इतका सावकाश चालवायचा, की घरी पोचेपर्यंत बहुतेक दिवशी अंधार पडायचा. "जेवायचं ऱ्हायलं तुझं," तो म्हणायचा. "भूक कुठं हाय," अक्का म्हणायची.

पाचव्या दिवशी मी बातमी दिली. बहिणीसाठी भावाने गाडी बदलली, तीन कॉलम, फोटोसह. अशा बदलाला परवानगी लागते. तो मुद्दा मी गाळला. शेवटचे वाक्य होते : 'प्रवासात आपल्याला एकही धक्का जाणवत नसल्याचे त्यांच्या भगिनींनी सांगितले.' तिने तसे सांगितले होते, त्यामुळे वाक्य नियमात बसत होते. आण्णाप्पाने कात्रण गॅरेजच्या भिंतीवर चिकटवले, स्प्रिंगांच्या खिळ्याशेजारी.

अक्का फाल्गुनात गेली. पंधरा दिवसांनी त्याने गॅरेज उघडले आणि मला बोलावले. किल्ली माझ्या हातात दिली. "चालवा. पुलापातूर. माझ्या बेतानं." मागे, अक्का बसायची त्या जागी तो आडवा झाला आणि त्याने डोळे मिटले.

पुलाच्या पहिल्या सांध्याला तो म्हणाला, "कळलं." दुसऱ्याला म्हणाला, "कळलं." पूल संपेपर्यंत तो एवढेच म्हणत होता. आम्ही परत आलो. गॅरेजमध्ये उतरल्यावर त्याने विचारले, "तुम्ही शेजारी बसलावता. तुम्हाला कळलं न्हाय?"

"कळलं होतं."

"आन् तिला?"

"रोज."

त्याने भिंतीकडे बोट केले. "मग हे छापलं कसं?"

तिने आण घातली होती, असे मी सांगितले.

"ती घालणारच की. तुम्ही बोलायचं हुतं." तो ओरडला नाही. "अर्ध्या दिसाचं काम हाय वो."

त्याने खिळ्यावरच्या स्प्रिंगा काढल्या आणि जॅक लावला. अकराला सुरुवात केली, तिनाच्या आत काम झाले. मी उभा होतो. त्याने मला पाना मागितला नाही. मग पुन्हा किल्ली दिली. तोच पूल, तोच वेग. प्रत्येक सांध्याला मी त्याच्या आवाजाची वाट पाहिली. पूल संपला तेव्हा त्याने डोळे उघडले.

"आता न्हाय कळलं," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने मला गाडीत घेतले नाही. मी एसटीने जातो. एकदा दुसऱ्या बातमीसाठी उद्यमनगरात गेलो होतो, तेव्हा गॅरेजचे दार उघडे दिसले. तो कुणाच्या तरी गाडीखाली होता. खिळा रिकामा होता. कात्रण त्याने काढलेले नव्हते. शेवटच्या ओळीवरून ग्रीसचे बोट ओढलेले होते.