साहेबांसाठी बांधलेला साकव

आमच्या घरात सगळे मास्तर. वडील मास्तर, काका मास्तर, आणि प्रत्येकाचा आवाज वर्गाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असा. कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीत शेजाऱ्यांना घड्याळ लागायचं नाही, सकाळी आमच्या घरात भांडण सुरू झालं की सात वाजले समजायचं. अशा घरातून मी शिक्षिका होऊन गगनबावड्याकडच्या एका खेड्यात निघाले, तेव्हा आईनं एकच गोष्ट बजावली, "तिथं जाऊन कुणाशी भांडू नकोस." मी हो म्हटलं. भांडले ते भांडलेच, आणि त्यात मला आजही काही चूक वाटत नाही.

शाळा गावात होती, सातवीपर्यंतची. ओढ्यापलीकडे त्याच गावची एक वाडी. तिकडचा पाऊस ज्यानं काढलाय त्यालाच ठाऊक. धुतलेलं लुगडं चार दिवस वाळत नाही, चुलीवर धरून नेसायचं. त्या दिवसांत ओढा असा फुगायचा की वाडीची पोरं मृगापासून नवरात्रापर्यंत घरीच. मग ऑक्टोबरात उगवायची, तोवर पाढे विसरलेले, अक्षरं उलटी झालेली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि मनातल्या मनात त्या ओढ्याला शिव्या द्यायची.

त्या पोरांत चौथीतली एक पोरगी होती. गणितात इतकी तरबेज की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळतेय तोवर तिचं उत्तर तयार. स्वतःचं सांगून थांबली असती तर ठीक, पण ती शेजारणीचंही सांगायची आणि दोघींचे धपाटे एकटी खायची. माझी फार लाडकी. तिचा बाप वाडीतला सगळ्यात धिप्पाड गडी, तरुणपणी कुस्त्या खेळलेला, दोन्ही कान मोडलेले. एकदा तो शाळेच्या ओसरीवर येऊन बसला आणि सरळ म्हणाला, "बाई, अर्धं वरीस घरात, अर्धं वरीस साळंत. एक ना धड. औंदाची चौथी हुंदे, मग जाऊ दे तिला गुरांमागं."

मी म्हटलं, "वरच्या अंगाला ओढा ओलांडायला उतार आहे ना? तिथनं आणून सोडत जा."

"पावसात तिथंबी कमरंएवढं पाणी, आन् केवढा वळसा! भाताची लावण सोडून पोरगीला खांद्यावर घिऊन फिरू? लोक त्वांडात शेण घालतील की माझ्या."

"आणि ओढ्यावर साकव झाला तर?"

"साकव झाला तर शिकू दे की मॅट्रिकपतूर! मी कशाला आडवा येतोय?"

झालं. साकव म्हणजे केवढासा तो पूल, पण त्यावर त्या पोरीची पाचवी अडली होती. त्या काळात पंचायत समितीकडून खेड्यातल्या कामांना अनुदान मिळायचं. कुठं विहीर व्हायची, कुठं समाजमंदिर, कुठं रस्ता. गावानं आपला वाटा उचलायचा, पैशानं नाहीतर अंगमेहनतीनं. वाडीत पैसा नव्हता, हाडं मजबूत होती. देवळात बैठक झाली. दगड आम्ही फोडतो, वाळू आम्ही वाहतो, असं सगळ्यांनी कबूल केलं. सरपंच मला जरा टरकूनच असायचे, त्यांनी मी लिहिलेल्या अर्जावर मुकाट सही केली. मग मी त्या अर्जाच्या मागं अशी लागले की तालुक्याच्या कचेरीतला शिपाई मला लांबून बघितलं की आत पळायचा.

दिवाळीनंतर निरोप आला, पंचायत समितीचे साहेब जागा बघायला येणार. पाऊस संपला होता तरी ओढ्याला मांडीएवढं पाणी होतं. मला आनंदानं काय करू नि काय नको झालं. वाडीत जाऊन मी सगळ्यांना बजावलं, "तुम्ही काही करू नका. साहेबांना ओढ्यापाशी आणा आणि पाण्यात उतरू द्या. पुढचं ओढा बघून घेईल."

"व्हय की बाई," सगळे म्हणाले.

आमच्या कोल्हापूरकडं 'व्हय की' म्हणजे होकारच असतो असं नाही. मी तिथलीच, मला हे कळायला हवं होतं. पण त्याच वेळी घरी चुलत बहिणीचा साखरपुडा होता. शनिवारी गेले ती सोमवारी सकाळच्या एसटीनं परत आले. साहेबांची जीप फाट्यावर उभी होती. मी धावत ओढ्यावर गेले आणि बघतच राहिले.

ओढ्यावर पूल होता! या काठापासून त्या काठापर्यंत सागाचे वासे टाकलेले, त्यावर फळ्या, फळ्यांवर माती चोपून शेणानं सारवलेली. दोन्ही बाजूंना धरायला बांबू. दोन्ही टोकांना केळीचे खुंट, वर आंब्याचा टाळा. आणि मधोमध, कुणा हौशी बाईनं काढलेली रांगोळी. साहेब त्यावरून बूट न भिजवता पलीकडे गेलेले, आणि पोरीच्या बापाच्या अंगणात पाटावर बसून कोंबडीच्या रश्शात भाकरी चुरत होते.

मला बघून ते खूश झाले. "या बाई! अहो, इतका छान साकव आहे की तुमच्याकडे. मग अर्ज कशाला केलात?"

"साहेब, हा पूल कालपर्यंत नव्हता," मी म्हटलं. "तुम्ही येणार म्हणून बांधलाय."

साहेबांनी पोरीच्या बापाकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी हा खरं बोलेल. तर तो पठ्ठ्या हसला, हातातली रश्श्याची वाटी साहेबांच्या ताटात रिकामी केली आणि म्हणाला, "बाईंची आपली गंमत! त्या नव्या हायत हितं. पूल चांगला दणकट हाय सायेब, हत्ती न्या वरनं. तुमी जेवा की निवांत."

बाकीचे सगळे माना हलवत होते. मी पुन्हा बोलायला गेले तर एका म्हातारीनं माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं. साहेब माणूस वाईट नव्हता. बिचारा पोटभर जेवला, दोनदा पाणी मागून घेतलं, पोरांच्या गालाला हात लावले, आणि जाताना सरपंचांना सांगून गेला की इथं गरज नाही, ज्या वाडीला पूलच नाही तिला हे काम देऊ.

जीप घाटाच्या वळणाला दिसेनाशी झाली न झाली तोच वाडीतले चार गडी ओढ्यात उतरले आणि पूल मोडायला लागले. वासे पोरीच्या बापाच्या नव्या गोठ्याचे होते. फळ्या देवळाच्या. संध्याकाळपर्यंत ओढा होता तसा झाला, काठावर नुसते केळीचे खुंट पडलेले.

मग मात्र मी आईचा शब्द मोडला. अख्ख्या वाडीसमोर त्या माणसाला फैलावर घेतलं. "तुम्हाला काही लाज? स्वतःच्या लेकीची शाळा घालवलीत त्या साहेबाच्या बुटापायी! आणि वर मलाच खोटं पाडलंत!"

तो मान खाली घालून वाशांचे दोर सोडवत होता. शेवटी म्हणाला, "बाई, पावणा दारात येतोय. त्याला काय पाण्यातनं चालवत आणायचं?"

"बरं, बांधलात. मग खरं का नाही सांगितलंत?"

तो माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागला की जणू शिकलीसवरलेली बाई आणि एवढंही कळत नाही. "तुमच्यासाठी बांधला म्हणून सांगायचं? आवो, त्याच्या गळ्याखाली घास तरी उतरला असता का? जेवत्या पावण्याला आसलं बोलत्यात व्हय?"

कपाळ माझं! मी तशीच मांडीएवढ्या पाण्यातनं फणफणत गावात परत आले. रागानं रडू येत होतं, आणि रडता रडता त्या रांगोळीची आठवण होऊन हसूही येत होतं. इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी कुणाबद्दल मला पुन्हा कधी वाटली नाही.

पोरगी चौथी पास झाली, पहिल्या नंबरानं. मी तिला जवळ घेतलं, पण पाचवीचं काही काढलं नाही. काढून काय उपयोग होता?

जूनमध्ये शाळा उघडली आणि ओढा भरला. वाडीचं एकही पोर आलं नाही. एके दिवशी सकाळी धो धो पाऊस लागला होता, समोरचं वडाचं झाड दिसत नव्हतं, आणि मी पाचवीची हजेरी घेत होते. तेवढ्यात दारातली पोरं खिदळायला लागली. बघते तर तो मोडक्या कानांचा धिप्पाड गडी चिखलानं छातीपर्यंत माखलेला, आणि त्याच्या खांद्यावर इरलं पांघरून बसलेली त्याची लेक. वरच्या उतारानं, एवढा वळसा घालून आलेला. गावातले दोघे-चौघे रिकामटेकडे पडवीत उभं राहून त्याला हसत होते, आणि त्याला ते ऐकू येत होतं.

त्यानं पोरीला ओसरीवर उतरवलं. तिच्या परकराला पाण्याचा थेंब नव्हता. ती पळत आत गेली.

"आणि लावण?" मी विचारलं.

"लावण हुईल मागनं." तो धोतराचा सोगा पिळत होता. मग मान वर करून म्हणाला, "बाई, त्या दिशी तुमी बोल्लासा ते खरं हाय. साकव माझ्यामुळंच गेला. पर एक आत्ताच सांगून ठेवतो. उद्या त्यो सायेब फिरून आला, तर मी फिरून पूल बांधणार. पावण्याला पाण्यात उतरवायचं मला जमायचं न्हाय." त्यानं वर्गात एकदा डोकावून बघितलं. "पोरगीला काय, मी हाय की."

मी हातातल्या हजेरीत पाचवीला तिचं नाव चढवलं. त्यानं रिकामं इरलं डोक्यावर घेतलं आणि तो उताराच्या वाटेला लागला. आणि संध्याकाळी शाळा सुटायच्या आधीच येऊन ओसरीवर उभा राहिला.