एल्सी हारासिमचुकचं दुखणं

एल्सी हारासिमचुक जन्मभर शाळेची बस चालवत होती. कॅनडातल्या मॅनिटोबाच्या त्या सपाट मुलखात हिवाळ्यात बस चालवायची म्हणजे रस्ता कुठला आणि शेत कुठलं, हे अंदाजानंच ठरवावं लागतं. एकदा बर्फावर घसरून तिचं मनगट मोडलं. तिनं सगळी मुलं घरोघर पोचवली, बस जागेवर लावली आणि मग नवऱ्याला फोन केला, की आज जेवायला जरा उशीर होईल. ही गोष्ट गाव अजून कौतुकानं सांगतं. त्या मनगटानं पुढं तिला बरणीचं झाकणसुद्धा धड उघडता येईना, हे मात्र कुणी सांगत नाही.

तिथं दुखण्याचा गवगवा करायची पद्धतच नाही. कसं काय विचारलं, की 'तसं वाईट नाही' म्हणायचं. माणूस अंथरुणाला खिळला तरी तेवढंच म्हणतो, आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं असतं.

साठी उलटल्यावर एल्सीच्या पोटात उजवीकडे कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. गावच्या दवाखान्यातला सर्जन कार्लाइल पेनर लहानपणी तिच्याच बसनं शाळेत जायचा. त्यानं तिला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं.

"मिसेस एच, पोटाला चार बारीक छेद द्यायचे, दुर्बीण आत घालायची आणि पिशवी काढून घ्यायची. बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण एक सांगायलाच हवं. ही पित्ताशयाची नळी, आणि ही यकृताकडून येणारी मुख्य नळी. आत सूज असली, की कुठली कुठली ते कळत नाही. हजारात दोघातिघांच्या मुख्य नळीला इजा होते. झाली, तर ते प्रकरण साधं नसतं."

"हजारात ना? मग त्या दोघातिघांत मी कशाला घुसतेय?"

"आणखी काही विचारायचंय?"

"हो. तुझ्या आईचे गुडघे कसे आहेत?"

ऑपरेशन झालं आणि संध्याकाळी नवरा नेस्टर तिला घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून नर्सचा फोन आला. दुखतंय का? तसं वाईट नाही. ताप? अंग जरासं कोमट आहे. जेवण जातंय का? "भूक नाही गं, पण माझ्या अंगावर पुष्कळ साठा आहे." नर्स हसली. एल्सीही हसली, आणि हसताना पोटात अशी कळ आली, की तिला भिंत धरावी लागली. तोवर फोन ठेवून झाला होता. नर्स त्याच गावची असती, तर कदाचित समजली असती. ती नवीन होती, तिनं ऐकलं ते खरं मानलं.

पोट फुगत चाललं. ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, ती अजून जिरली नसेल, असं एल्सीनं स्वतःच ठरवून टाकलं. नेस्टरला तिनं सांगितलं, की सैल झगा बरा वाटतो म्हणून घातलाय. नेस्टर भला माणूस आहे, पण बायकोनं सांगितलेल्यापलीकडे बघायची सवय त्याला कधी लागलीच नाही.

गुरुवारी चर्चच्या तळघरात बायका पिरोही करायला जमतात. पारीत बटाट्याचं सारण भरायचं, कडा चिमटून बंद करायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. एल्सी गेली. न जाणं म्हणजे आजारी असल्याची कबुली देणंच होतं. मात्र त्या दिवशी ती खुर्चीवर बसून काम करत होती, आणि तिला तिथं बसलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

पातेल्यावर ओरिसिया होती, एल्सीची शाळेपासूनची मैत्रीण, जिभेनं तिखट. पाण्यात सारण तरंगायला लागलं तशी ती ओरडली, "कुणाची ही पिरोही? एकेक तोंड वासून बसलीय!"

ओरिसिया ताट बघत बघत एल्सीपर्यंत आली. एल्सीनं पिरोही चिमटीत धरली होती, पण बोटांत जोर नव्हता.

"माझ्याकडे बघ," ओरिसिया म्हणाली. "अगं बये, डोळे पिवळे झालेत तुझे!"

"तसं वाईट—"

"गप्प बस. कोट घाल."

दवाखान्यात तपासल्यावर कळलं, की पोटात पित्त साठलं होतं. लगेच नळी घालून ते बाहेर काढायला घेतलं आणि एल्सीला विनिपेगच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथं काही आठवड्यांनी पोट उघडून आतड्याचा एक पदर वर घेतला आणि यकृताकडून येणाऱ्या नळीच्या तुटक्या टोकाला शिवला.

त्या दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी पेनर तिला भेटायला आला. उभ्यानंच बोलला. "मिसेस एच, मी चुकीची नळी कापली. सूज होती, दोन्ही एकमेकींना चिकटलेल्या होत्या, आणि मला खात्री वाटली. तिथंच थांबून पोट उघडायला हवं होतं, नाहीतर पिशवी अर्धीच काढून बाहेर यायला हवं होतं. मी थांबलो नाही."

"होतं रे असं," एल्सी म्हणाली. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. काही खाल्लंस का?"

मला विचाराल तर तिनं त्याला चार शब्द सुनवायला हवे होते. त्यालाही तेच हवं असावं. तो न खाताच गेला.

घरी पाठवताना विनिपेगच्या डॉक्टरीणबाईंनी नेस्टरला बाहेर बसवलं आणि एल्सीला बजावलं, "ही शिवण पुढं आवळू शकते. मग पित्त तुंबतं, त्यात जंतू होतात. थंडी वाजून ताप आला, पोटात दुखलं, की त्याच तासाला निघायचं. आणि तुमचं दुखणं आम्हाला बाहेरून दिसत नाही. तुम्ही बोलला नाहीत, तर मराल."

एल्सीनं मान डोलावली. ती सगळ्यालाच डोलवायची.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत, त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे येणाऱ्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तिच्या घरी सगळं गणगोत जमलं होतं. रिवाजाप्रमाणे बारा पदार्थ मांडून झाले होते. पहिला तारा दिसल्यावरच जेवायचं असतं; तो दिसला, नेस्टरनं प्रार्थना संपवली आणि गव्हाच्या खिरीचं भांडं उचललं. एल्सीचे दात वाजत होते. सकाळपासून दुखत होतं, आणि सकाळपासून ती 'जेवणं होऊ देत' म्हणून थांबली होती. एवढी माणसं, एवढा सण, सगळ्यांचे हात आत्ताच ताटांकडे गेलेले.

ती टेबलाला धरून उभी राहिली.

"मला दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय. मला आत्ता घेऊन चला."

या बाईच्या तोंडून असं काही जमलेल्यांपैकी कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यावर काय म्हणायचं असतं तेही कुणाला ठाऊक नव्हतं. मग नेस्टरनं भांडं खाली ठेवलं आणि गाडीची किल्ली घेतली. विनिपेगपर्यंतच्या बर्फाच्या रस्त्यावर एल्सी कण्हत राहिली, मोठ्यानं, जेवढं दुखत होतं तेवढं.